पटावरचा करार

पंचवीस घरांचा चौरस पट, चार कवड्या आणि प्रत्येक गड्याच्या चार सोंगट्या. एवढ्या सामानावर खेळला जाणारा 'चल्लस-आठ' ज्यांनी मराठवाड्यात लहानपणी पाहिला असेल, त्यांना खेळाइतकाच खेळाआधीचा वादही आठवत असेल. पट आखून होतो, कवड्या मुठीत खुळखुळतात आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणते, "आमच्यात असं नसतंय." पाच-दहा मिनिटे घासाघीस होते, काहीतरी ठरते आणि मगच पहिले दान पडते. खेळांच्या इतिहासावर लिहिणारे पटाची घरे मोजतात, फाशांची लांबीरुंदी नोंदवतात, कुठला पट कुठून कुठे गेला याचा माग काढतात. ही पाच-दहा मिनिटे मात्र त्यांच्या नोंदींत क्वचितच येतात. मला त्यांच्याबद्दलच लिहायचे आहे. खेळाचा नियम हा बसलेल्या मंडळींनी आपसात केलेला करार असतो. तो कोण बदलू शकतो, कुणाला बदलता येत नाही आणि कुणाला त्याबद्दल विचारायचीही मुभा नाही, हे पाहू लागले की पटाभोवतीच्या माणसांचा इतिहास दिसू लागतो.

आधी खेळ थोडक्यात. पाच बाय पाच घरे. चारही कडांच्या मधल्या घरांत आणि अगदी मध्यावर फुली. फुलीच्या घरात सोंगटी मरत नाही. प्रत्येक जण आपल्या बाजूच्या फुलीतून निघतो, बाहेरची सोळा घरे एका दिशेने फिरतो, मग आतल्या आठ घरांत शिरून उलट दिशेने फिरतो आणि शेवटी मधल्या घरात पोचतो. जितक्या कवड्या उताण्या तितके दान. चारही उताण्या पडल्या तर चल्लस, चारही पालथ्या पडल्या तर आठ. ही दोन दाने पडली की पुन्हा फेकायला मिळते. कवड्या नसतील तर चिंचोके फोडून वापरायचे. सोंगट्या म्हणून बांगड्यांचे तुकडे, खडे, बिया, जे हाताशी असेल ते. हाच खेळ कर्नाटकात 'चौका-बारा' आणि तेलुगू मुलखात 'अष्टा-चम्मा'. धाराशिव जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात मराठी, कन्नड, तेलुगू या तिन्ही भाषा बोलणारी माणसे होती. उमरगा, तुळजापूर या तालुक्यांतल्या कितीतरी घरांची सोयरीक आजही सीमेपलीकडे होते. पट सगळीकडे तोच, पण नियम या सोयरिकींबरोबर हिंडत राहिले.

सर्वांत मोठे भांडण 'तोडी'चे. समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय, म्हणजे तोड केल्याशिवाय, आतल्या घरांत शिरता येत नाही, असा एक नियम आहे. काही घरांत तो सक्तीचा, काही घरांत तो ऐकलेलाही नसतो. फरक वरवर किरकोळ वाटतो, पण त्याने खेळाचा स्वभावच बदलतो. तोड नसेल तर एखादी भिडस्त मुलगी कुणाच्या वाटेला न जाता, फुलीफुलीने आपल्या सोंगट्या घरी नेऊ शकते. तोड असेल तर तिला कुणाला तरी मारावेच लागते, आणि मारायचे म्हणजे समोर बसलेल्या आत्याला किंवा थोरल्या जावेला मारायचे. माझ्या आईचे माहेर अक्कलकोटकडचे. तिच्याकडे तोड सक्तीची होती, आमच्याकडे नव्हती. लग्नानंतरची कित्येक वर्षे ती आमच्या नियमाने खेळली. पुढे आजी थकली, पटावर बसेनाशी झाली, आणि आमच्या घरात तोड आली. तसे कुणी जाहीर केले नाही, कुणी हरकतही घेतली नाही. ओळखीच्या घरांत मी पुढे विचारत गेलो तेव्हा याच धर्तीच्या हकीकती निघाल्या. 'आमच्यात' हा शब्द बायकांच्या तोंडी बहुतेकदा माहेरासाठी असतो, आणि सासरी तो पहिल्यांदा मोठ्याने उच्चारायची जागा अनेकींसाठी पटाशेजारची होती. स्वयंपाकघरात 'आमच्यात असं करत नाहीत' म्हणणे हा उद्धटपणा ठरे. पटावर तो खेळाचा भाग होता.

दुसरा वाद सलग पडलेल्या दानांचा. आठ पडले की पुन्हा फेकायचे, पण तीनदा लागोपाठ आठ पडले तर तिन्ही दाने जळाली असे काही ठिकाणी मानतात. नशीब फारच फळफळले तर ते काढून घेण्याची ही तरतूद. तिसरा वाद जोडीचा. एकाच गड्याच्या दोन सोंगट्या एका घरात आल्या तर त्यांना एकटी सोंगटी मारू शकते का? चौथा, शेवटच्या घरात जायला नेमके दान लागते की जास्त चालते? हा नियम बहुधा दिवेलागणीच्या वेळेवरून ठरत असे. चुलीकडे जायची घाई असेल तर जास्तीचे दानही चालवून घ्यायचे.

आणि या सगळ्यांच्या वर 'कच्चा लिंबू'. मराठी मुलांच्या खेळांतली ही तरतूद मला फार मोलाची वाटते. गटात एखादे लहान पोर असते, त्याला वगळता येत नाही आणि बरोबरीने खेळवताही येत नाही. मग ते कच्चा लिंबू. त्याची सोंगटी मारायची नाही, त्याचे दान चुकले तर पुन्हा टाकू द्यायचे, ते जिंकले तर टाळ्या वाजवायच्या, पण जिंकणे मोजायचे नाही. एकाच पटावर, एकाच वेळी, दोन वेगळे नियम लागू असतात आणि त्यात कुणाला अन्याय दिसत नाही. पण आपण कच्चा लिंबू आहोत हे ज्या दिवशी पोराला कळते, त्या दिवशी ते रडून पट उधळते आणि खरा गडी होण्याची मागणी करते. म्हणजे नियमातून मिळालेली सूटही सूट घेणाऱ्याच्या संमतीवरच टिकते.

याच जिल्ह्यात देवही सारीपाट खेळतात. तुळजापुरात भवानीच्या मंदिरामागे भारतीबुवांचा मठ आहे. देवी या मठात सारीपाट खेळायला येत असे अशी आख्यायिका तिथे सांगतात. सारीपाट हा चल्लस-आठाचा थोरला भाऊ. अधिक चिन्हासारखा कापडी पट, चार पाखांत प्रत्येकी चोवीस म्हणजे एकूण शहाण्णव घरे, सोळा सोंगट्या, लांबट फासे किंवा कवड्या. एक जगन्माता आणि एक गोसावी समोरासमोर बसले तर त्यांच्यात पण काय लागत असेल? देवी जिंकली तर तिला काय मिळणार आणि गोसावी हरला तर त्याच्याकडे गमावायला काय आहे? मला वाटते, त्या आख्यायिकेचा गाभा हाच आहे. पटावर बसायचे तर दोघांना एकच नियम मानावा लागतो, आणि तेवढ्या वेळापुरती देवी आपले देवीपण बाजूला ठेवते.

खंडोबाच्या कथेत पण उघड आहे. खंडोबा आणि म्हाळसा सारीपाट खेळतात, हरणाऱ्याने बारा वर्षे घराबाहेर राहायचे ठरते, खंडोबा हरतो आणि बाणाईच्या घरी चाकरीला राहतो. काही कथनांत तर तो मुद्दाम हरतो. इथे खेळातला पण खेळ संपल्यावर खरा होतो. देव धनगराच्या घरचा गडी बनतो, त्या वेशात, त्या नावाने वागतो आणि त्यातून दुसरा संसार उभा राहतो. भूमिका घेऊन खेळायच्या खेळाची याहून जुनी मराठी गोष्ट मला ठाऊक नाही.

त्याच खंडोबाचे आमच्या जिल्ह्यातले ठाणे म्हणजे अणदूर आणि नळदुर्ग. देवळे दोन, मूर्ती एक. वर्षातले सव्वादहा महिने देव अणदूरला असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपुरात. मूर्ती हलवताना दोन्ही गावच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. देव कुणाचा, हा प्रश्न कायमचा निकालात न काढता तो दरवर्षी दोन्ही बाजूंनी मिळून नव्याने सोडवायचा, ही रीत एरवी मोठ्या राजकारण्यांनाही जमत नाही. मला त्यात पटाआधीची तीच घासाघीस दिसते. फक्त इथे सोंगटीच्या जागी प्रत्यक्ष देव आहे.

पण करार म्हटला की त्यात सगळ्यांचा आवाज सारखा असतो असे नाही. यंदाच्या पाडव्याला ज्यांच्या घरी पट मांडला जाईल, त्यांना या तिथीचे दुसरे नाव माहीत असेल: द्यूतप्रतिपदा. पार्वतीने शंकराला फाशांत हरवले ती ही तिथी असे सांगतात. वेरूळच्या लेण्यांत हा प्रसंग एकाहून अधिक ठिकाणी कोरलेला आहे. एकविसाव्या आणि एकोणतिसाव्या लेण्यातले शिल्पपट प्रसिद्ध आहेत. हरलेला शंकर पार्वतीला आणखी एका डावासाठी थांबवतो आहे, असा त्यांचा अर्थ काही अभ्यासक लावतात. तो अर्थ खरा असेल तर दगडी खांबांच्या सावलीत हजार-दीड हजार वर्षे एक 'घरचा नियम' मागितला जातो आहे: हरलो, पण हा डाव धरायचा नाही. रडीचा डाव म्हणतात तो हाच. पार्वतीने तो मान्य केला की नाही, हे शिल्पकाराने आपल्यावर सोडले आहे.

महाभारताचे सभापर्व या दृष्टीने पुन्हा वाचावे. द्यूताला बसताना दुर्योधन म्हणतो, पण मी लावीन, फासे मामा टाकतील. एकाने दुसऱ्यासाठी खेळणे आपल्याला योग्य वाटत नाही, असे युधिष्ठिर म्हणतो खरा, पण तेवढ्यावर थांबतो आणि डाव सुरू होऊ देतो. खेळाआधीची पाच मिनिटे त्याच्या हातात होती. ती त्याने भिडेखातर सोडून दिली. पुढचे सगळ्यांना माहीत आहे. सर्वस्व आणि भाऊ हरून, स्वतःलाही हरून तो द्रौपदीला पणाला लावतो. आणि द्रौपदी निरोप्याच्या तोंडून सभेला प्रश्न विचारते: आधी स्वतःला हरलास की मला? हा प्रश्न आपण धर्माचा, स्त्रीत्वाचा, न्यायाचा म्हणून वाचत आलो, तो तसा आहेच. पण तो आधी खेळाच्या नियमाचा प्रश्न आहे. ज्याच्याकडे स्वतःचे काहीच उरले नाही त्याला पण लावता येतो का? भीष्मासारखा माणूस धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून हात झटकतो. कौरवांच्या बाजूचा विकर्ण एकटा उठून तिची बाजू मांडतो आणि गप्प केला जातो. माझ्या वाचनात पटाच्या नियमावर घेतलेली याहून मोठी हरकत नाही. ती घेणारी व्यक्ती पटावर खेळायला बसलेली नव्हती, तिला तिथे सोंगटी म्हणून ओढून आणले होते.

नियम लिहून ठेवण्याचा इतिहासही आमच्याच परिसरात सापडतो. उमरग्याच्या शेजारचे बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या पाचव्या विंशतीत बुद्धिबळ, फासे आणि वराटिका म्हणजे कवड्या यांचे खेळ येतात. हे वर्णन राजाच्या करमणुकीचे आहे. त्यात राजासमोर बसून कुणी 'आमच्यात असं नसतंय' म्हणेल ही शक्यताच नाही. पुढे १८७१ साली औरंगाबादच्या हरिकृष्णशास्त्र्यांनी 'क्रीडाकौशल्य' लिहिले. त्यांच्या 'बृहज्ज्योतिषार्णव' या प्रचंड ग्रंथाचा तो एक भाग. सारीपाट, बुद्धिबळ, वाघबकरीच्या जातीचे खेळ, ज्ञानाचा पट असे बरेच काही त्यांनी त्यात नोंदवून ठेवले आहे. एका मराठवाडी पंडिताने ज्योतिषाच्या ग्रंथात खेळांना जागा द्यावी, याचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. मात्र ग्रंथात एकदा नियम आला की तो 'शास्त्रोक्त' होतो आणि शेजारच्या गल्लीतला नियम 'चुकीचा' ठरतो.

ज्ञानाच्या पटाचे, म्हणजे आपल्या मोक्षपटाचे, उदाहरण याच्या उलट आहे. सापशिडीचा हा पूर्वज ज्ञानेश्वरांनी निर्माण केला असे महाराष्ट्रात श्रद्धेने सांगतात. हाताशी असलेले पट मात्र पुष्कळ अलीकडचे, मुख्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले आहेत. पुण्याचे वा. ल. मंजुळ यांनी मराठी मोक्षपट उजेडात आणले आणि डेन्मार्कच्या जेकब श्मिट-मॅडसेन यांनी पश्चिम भारतातल्या अशा पटांवर २०१९ साली कोपनहेगन विद्यापीठात प्रबंध सादर केला. या पटांतली गंमत अशी की, खेळ तोच ठेवून प्रत्येक पंथाने घरे आपली लिहिली. जैनांचा पट चौऱ्यांशी घरांचा, वैष्णवांचा बहात्तर घरांचा, सूफींचा शंभराच्या आसपास. कुठल्या पापाला साप आणि कुठल्या पुण्याला शिडी, हे ज्याचे त्याने ठरवले. शेवटचे घर कुणासाठी सिद्धशिला, कुणासाठी वैकुंठ. आपल्या मंडळींना रुचेल असा खेळ बेतण्याचा इतका पद्धतशीर प्रकार जगात फार थोडा असेल.

बुद्धिबळाचे जुळवून घेणे वेगळ्या दिशेचे होते. देशी पद्धतीत राजाला एकदा घोड्याची उडी घेता येई. समोरच्याचा एकटा राजा उरला तर ती बुर्जी, म्हणजे अर्धा विजय. प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची, कारण सर्वांत क्षुद्र मोहऱ्याने राजाला कोंडले. मुंबईत १८१४ साली तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरचा ग्रंथ इंग्रजीत छापला गेला, तेव्हा तो 'युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेला' असल्याचे शीर्षकातच नमूद केले होते. देशी नियम मात्र घराघरांत त्यानंतरही शतकभर टिकून होते. माझ्या आजोबांच्या पिढीला प्याद्याने मात करण्याची हौस होती. त्यासाठी ते वजिराने होणारी मात सोडून देत आणि पुष्कळदा हातचा डाव घालवत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नियमाला मालक मिळाला. इंग्लंडमध्ये १८९६ साली 'लुडो'चे पेटंट घेण्यात आले. तो आपल्या पचिशीचाच उतारा होता. भागीदारी गेली, दान नाकारून जागेवर थांबण्याची मुभा गेली, आपल्या सोंगट्या घरी पोचल्यावरही जोडीदारासाठी खेळत राहण्याची सोय गेली. एक ठोकळा आणि चार रंग राहिले. पुठ्ठ्याच्या डब्याच्या झाकणावर नियम छापलेले असत. 'मोनोपॉली'ची कथा तर याहून बोलकी आहे. एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईने १९०४ साली 'लँडलॉर्ड्स गेम'चे पेटंट घेतले, ते जमीनदारीचा अन्याय दाखवण्यासाठी. पुढची तीसेक वर्षे लोक घरी मेणकापडावर पट रंगवून, आपापल्या गावच्या रस्त्यांची नावे घालून तो खेळत राहिले. अटलांटिक सिटीतल्या क्वेकर मंडळींनी बसवलेली आवृत्ती चार्ल्स डॅरोने उचलली आणि १९३५ साली पार्कर ब्रदर्स कंपनीने ती बाजारात आणली. म्हणजे एका गटाने आपल्यापुरता बेतलेला पट सगळ्या जगाचा कायदा झाला. आणि गंमत अशी की, त्या कायद्यालाही घरांनी जुमानले नाही. आपल्याकडच्या 'व्यापार'मध्ये दंडाचे पैसे मध्ये साठवून कुणाला तरी द्यायचे की बँकेत घालायचे, यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत किती भावंडांचे अबोले झाले असतील! न घेतलेल्या जागेचा लिलाव करायचा, हे मोनोपॉलीच्या मूळ नियमांत असते. बहुसंख्य घरांत ते कुणी कधी करत नाही.

छापील नियमाविरुद्ध मी वकिली करतो आहे असे वाटू नये म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम बांधले. तोवर गावोगावचा खो-खो वेगळा होता. हुतूतूचेही तसेच, संजीवनी, गामिनी, अमर असे त्याचे प्रकार होते आणि त्यांतल्या संजीवनीच्या पायावर आजची कबड्डी उभी राहिली. नियम एक झाला म्हणूनच धाराशिवची सारिका काळे २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिला संघाची कर्णधार होऊ शकली आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. 'आमच्यात असं नसतंय' म्हणत गुवाहाटीत खेळता येत नाही. परक्याशी खेळायचे तर तिऱ्हाइताने लिहिलेला नियम लागतो. घरच्यांशी खेळताना तो लागतो का, हा प्रश्न वेगळा आहे.

या प्रश्नाला अमेरिकेतल्या काही हौशी खेळाडूंनी पन्नास वर्षांपूर्वी दिलेले उत्तर मला आमच्या पटाच्या फार जवळचे वाटते. त्याची सुरुवात प्रशियाच्या लष्करात झाली. राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशावर खेळायचा युद्धखेळ सैन्यापुढे मांडला. त्याचे नियम, कोष्टके, फाशांचे हिशेब इतके वाढत गेले की, १८७६ मध्ये फेर्डी दु व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने कोष्टके बाजूला ठेवा आणि अनुभवी पंचाने निकाल द्यावा असा मार्ग सुचवला. पुढे १९६९ साली डेव्हिड वेस्ली या तरुणाने मिनेसोटात एक डाव मांडला. त्यात प्रत्येकाला एकेका माणसाची भूमिका दिली होती. दोन खेळाडूंनी येऊन सांगितले की, आमच्यात द्वंद्व ठरले आहे. द्वंद्वाचा नियमच केलेला नव्हता. वेस्लीने तो तिथल्या तिथे बनवला. आपला डाव फसला असे त्याला वाटले. खेळणाऱ्यांनी मात्र पुन्हा मांडायचा आग्रह धरला. या वाटेने १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आले. पहिली छपाई हजार प्रतींची, तीन पातळ पुस्तिका. त्यांत खेळणाऱ्यांना उघड सांगितले होते की, पटत नसेल ते बदला, तुमची कल्पना आमच्याकडून कशाला करून घेता? पण खेळ पसरला, स्पर्धा सुरू झाल्या, आणि १९७८-७९ च्या सुधारित जाड ग्रंथांत त्याच गायगॅक्सचा सूर बदलला: सर्वत्र एकच नियम हवा. 'क्रीडाकौशल्या'चे जे होते तेच इथेही झाले. खेळणाऱ्यांनी मात्र दुसरे पुस्तक विकत घेतले आणि पहिल्या पुस्तिकेतला सल्ला पाळला.

माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. दर शनिवारी रात्री पाच जण एका टेबलाभोवती बसतात; एक जण कथा चालवतो, बाकीचे पात्रे होतात. पात्राने किती वजन वाहायचे याचा पुस्तकात तपशीलवार हिशेब आहे, तो त्यांनी पहिल्याच महिन्यात टाकून दिला. गटातल्या एका मुलीच्या घरी त्या वर्षी मृत्यू झाला होता. तेव्हा त्यांनी ठरवले की, ज्याचे पात्र आहे त्याच्या होकाराशिवाय ते मारायचे नाही, फासे काही म्हणोत. मी विचारले, पुस्तकात असे चालते का? तो म्हणाला, "मामा, आमच्या टेबलावर असं नसतं." शब्द शहरी झाले होते, सूर ओळखीचा होता. हा नियम कुणी लादला नाही आणि त्या मुलीने मागितलाही नाही. चौघांनी तो तिच्या आधी मांडला. कच्च्या लिंबाला सूट देताना आमच्या पिढीने जेवढा विचार केला होता, त्यापेक्षा यांनी अधिक केला असे मला वाटले.

आमच्याकडे मात्र पटाभोवतीची जागाच कमी झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने लोहारा आणि उमरगा भागातली जुन्या दगडामातीची घरे पाडली. सास्तूरसारख्या गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. आखीव रस्ते, सुटी सुटी घरे. माणसे वाचली याहून मोठे काही नाही, आणि नवी घरे सुरक्षित आहेत हेही खरे. पण दोन घरांमधला समाईक ओटा त्या आराखड्यात नव्हता, आणि चल्लस-आठ ओट्यावर खेळायचा खेळ होता. शेजार तुटला की नियम तुटतात, कारण ते शेजारात राहतात.

नंतर मोबाइल आला. नवी मुंबईतल्या एका कंपनीने २०१६ मध्ये काढलेला 'लुडो किंग' २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत पोचला. त्यात नियमाचे दोन-चार पर्याय आहेत, ते बटण दाबून निवडायचे. त्यापलीकडे फोन ऐकत नाही. नियमाच्या बाहेरची चाल तो करूच देत नाही, त्यामुळे वादाचे कारण उरत नाही.

गेल्या उन्हाळ्यात धाराशिवच्या बसस्थानकावर उमरग्याच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकावर चार कॉलेजच्या मुली एकाच फोनवर लुडो खेळत होत्या, फोन हातोहात फिरत होता. एकीची सोंगटी दुसरीच्या टप्प्यात आली. फोनने मारायची खूण दाखवली. जिची पाळी होती तिने दुसरीच सोंगटी पुढे सरकवली. पलीकडची, बहुधा नव्याने त्यांच्यात आलेली, म्हणाली, "अगं, मार की! सहा पडलंय." त्यावर तिघी एका सुरात म्हणाल्या की, पहिल्या फेरीत मारायचं नाही, आमच्यात तसंच आहे. नवी मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "बरं. पण मग घरात जायच्या आधी एक तरी तोड पाहिजे, आमच्यात तसं असतंय." तिघींनी एकमेकींकडे पाहिले. गाडी लागली, चौघी बोलत बोलतच चढल्या, फोन अजून कुणाच्या तरी पाळीची वाट पाहत होता.